एफ ट्वेंटीनाइन आणि बाहेरची माणसं

मला नसलेली माणसं दिसतात. मी वेडा नाही. ही दोन वाक्यं एका दमात म्हणायला मला आठ महिने लागले. माझ्या वयाच्या ज्या लोकांना असं काही दिसतं आणि घरात सांगायची हिंमत होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पण फक्त त्यांच्यासाठी नाही. सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात मी एकतीस वर्षं कारकून होतो. पेशंट घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडे यायची. डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचून आम्ही त्यापुढे एक अक्षर आणि आकडे घालायचो. त्याला कोड म्हणतात. अशाच एका कोडापायी एका बाईचे डोळे गेले. तो कोड मी घातला होता. पुढे तोच कोड माझ्या कागदावर आला. त्या बाईला वगळून माझं आजारपण सांगता येत नाही. इतकी वर्षं मी ती वगळतच आलो, याची मला आता शिसारी येते.

मी जाड मार्करने लिहितो, एका पानावर सहा ओळी. सूनबाई रेखा ते टाइप करते. मध्येच थांबून विचारते, "अण्णा, हे पण ठेवायचं?"

ठेवायचं.

जोंधळे निवडणारी

डावा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. थेंब टाकायचा मी कंटाळा करायचो, दोष दुसऱ्या कुणाचा नाही. उजव्या डोळ्यात नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरलं होतं, तेही पुसट.

एका सकाळी भाकरी आणि शेंगाचटणी खात बसलो होतो. समोर सोफ्यावर एक बाई बसली होती. हिरवं इरकल नेसलेली, मांडीवर सूप, सुपात जोंधळे. खडे निवडून बाजूला टाकत होती. तिच्या काठाचा धागा न् धागा मोजता येत होता. शेजारी उभ्या रेखाचं नाक मला धड दिसत नव्हतं, आणि हिच्या नखातली माती दिसत होती.

"ह्या बाई कोण गं?" मी विचारलं.

"कुठल्या बाई?"

"अगं ह्या. सोफ्यावर."

रेखा घाबरली. पण धीट आहे ती. सरळ गेली आणि सोफ्यावर बसली. बसली ती नेमकी त्या बाईवर. आता रेखाच्या पोटातून सूप बाहेर आलेलं आणि तिच्या खांद्यावर दुसऱ्या बाईचं डोकं. मला हसू आलं. जोरात हसलो.

त्या हसण्यानेच घात झाला. नुसतं विचारलं असतं तर "अण्णांचे डोळे गेले" एवढ्यावर भागलं असतं. दुपारपर्यंत शेजारच्या काकू येऊन रेखाच्या कानात सांगून गेल्या, "बाहेरचं असेल गं. बघून घ्या एकदा." आमच्याकडे बाहेरचं म्हणजे भूतबाधा. संध्याकाळी मुलगा प्रकाश आला, माझ्याशी न बोलता रेखाशी बोलला आणि मला रिक्षात घातलं. ज्या दवाखान्यात माझी उभी हयात गेली तिथेच नेलं. तिथे ओळख आहे म्हणून.

निदान

निदानाचा दिवस म्हणतात तो माझ्या बाबतीत चार मिनिटांचा होता. शिकाऊ डॉक्टर, डोळ्यांत झोप, शर्टाच्या खिशाला आमटीचा डाग.

"आजोबा, काय दिसतं?"

"एक बाई दिसते. जोंधळे निवडते."

"काही बोलते? आवाज येतात कानात?"

"नाही."

"कुणी मारायला टपलंय असं वाटतं?"

"नाही हो. जोंधळे निवडते म्हटलं ना."

तो हसला आणि लिहू लागला. प्रकाश माझ्या मागे उभा होता. म्हणाला, "घरात पण एकटेच हसतात." एकदाच हसलो होतो. पण ते वाक्य कागदावर गेलं. पेन कागदावर खरखरलं ते मी ऐकलं.

माझ्या डोळ्यात कुणी बॅटरी मारली नाही. काचबिंदू आहे का हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वाटलं, विचारतील. एकतीस वर्षं फायली चाळलेला मी. कोणता रकाना रिकामा राहिला हे माझ्याएवढं कुणाला कळत होतं? तरी गप्प बसलो, कारण हातात पेन असलेल्या माणसापुढे पेशंट गप्पच बसतो. त्या माणसाच्या बाजूला मी जन्मभर बसलो होतो. ह्या बाजूला पहिल्यांदाच आलो.

वॉर्ड

मानसोपचाराच्या वॉर्डात अकरा दिवस ठेवलं. त्या दिवसांची मला किळस आहे आणि ती लपवून काही उपयोग नाही. फिनेलच्या वासाखाली लघवीचा वास. मग धुऊन उलटे ठेवलेले, तरी काठाला दूध वाळलेले कप. सकाळी मोठे डॉक्टर यायचे, मागे सहा-सात जण, आणि माझ्या डोक्यावरून माझ्याबद्दल बोलायचे. "ओरिएंटेड आहे?" म्हणजे भानावर आहे का. "आहे सर." मला विचारायचं ना. मी तिथेच होतो.

गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी मान कडक झाली. हात पाण्याच्या तांब्याकडे न्यायचा म्हणजे दुसऱ्याचा हात उचलल्यासारखं. तोंडातून लाळ गळायची. उशीचा अभ्रा सकाळी गालाला चिकटलेला असायचा, तो सोलून काढावा लागायचा. रेखा पुसायची, आणि पुसताना मान किंचित बाजूला वळवायची. तिला दोष देत नाही. मला माझीच ओकारी येत होती.

आणि एवढं करून ती बाई गेली नाही. उलट वाढली. आता तीन बायका बसायच्या, एक पटकेवाला म्हातारा खिडकीच्या गजावर बसायचा, आणि कधी कधी अख्ख्या भिंतीवर चादरीची नक्षी पसरायची, माग चालू असल्यासारखी सरकत.

त्या नरकात एकच माणूस माझ्याशी माणसासारखं वागलं. वॉर्डातली मावशी. झाडताना माझ्या खाटेशेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबायची.

"आज किती पावणं हायत, काका?"

"तिघी."

"खुर्चीवर बी?"

"खुर्चीवर एक आहे."

"मग सरक म्हणावं की तिला. मला पाय दुखत्यात." आणि ती खुर्चीच्या निम्म्या भागावर बसायची, खरंच जागा सोडून. "बोलत न्हाईत व्हय? लई चांगल्या हायत मग. माझ्या घरच्या तर गप म्हणून बसत न्हाईत."

मी हसायचो. ते हसणं तिने कुणाला जाऊन सांगितलं नाही.

कार्ड

घरी सोडलं. पंधरा दिवसांनी उजव्या डोळ्यात दुखू लागलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. रेखा मला डोळ्यांच्या विभागात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने डोळ्याचा दाब मोजला आणि त्याचा आवाज बदलला. "खूप वाढलाय. ऑपरेशन लवकर करायला लागेल, नाहीतर हाही जाईल." मग त्याने जुनं कार्ड मागितलं. वाचलं. कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"हे मानसिक रुग्ण आहेत का? मग आधी ते स्थिर होऊ देत. ऑपरेशनला डोळा सुन्न करून जागंच ठेवतो आम्ही, हे हलले तर? आणि ह्यांची स्वतःची संमती धरता येणार नाही. मानसोपचाराकडून लिहून आणा. दोन-तीन महिन्यांनी बघू."

"दोन-तीन महिने डोळा थांबेल का?" रेखाने विचारलं.

त्याने खांदे उडवले असावेत. पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर बाकावर बसल्यावर मी तिला म्हटलं, "कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक अक्षर आणि आकडा असेल. वाच."

"एफ... दोन... नऊ."

एफ ट्वेंटीनाइन. नेमका कोणता ते ठरत नाही, पण मनाचा गंभीर आजार आहे, असा त्याचा अर्थ. आमच्या विभागात सगळ्यात जास्त खपणारा कोड. मला वाटलं होतं धक्का बसेल. बसला नाही. मी तिथेच बाकाशेजारी ओकलो.

तानूबाई

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी विभागाचा हेडक्लार्क होणार होतो आणि फायलींची तपासणी तोंडावर होती. अर्धवट फायली पुऱ्या करायला शिकाऊ डॉक्टर आमच्या खोलीत येत. त्यातला एक विदर्भाकडचा. त्याच्या हातात सांगोल्याकडच्या एका म्हातारीची फाइल होती, तानूबाई. मेंढरं राखणारं घर. निदानाचा रकाना रिकामा.

"काका, ही म्हणते 'घरात बाहेरची माणसं दिसत्यात'. बाहेरची म्हणजे काय?"

तिला म्हणायचं होतं परकी माणसं, अनोळखी. एवढा साधा अर्थ. पण मी शहाणा. हितल्या लोकांची भाषा मला कळते याचा मला केवढा तोरा! मी म्हटलं, "डॉक्टर, हे बाहेरचं म्हणजे भूतबाधा. हितले लोक असंच बोलतात. सायकोसिस टाका."

त्याने सायकोसिस, म्हणजे वेड, टाकलं. मी पुढे एफ ट्वेंटीनाइन घातलं.

प्रामाणिक कोड वेगळा होता. आर फॉर्टीफोर पॉइंट वन. त्याचा अर्थ एवढाच की नसलेलं काही दिसतं, कारण अजून कळलेलं नाही. पण आरचे कोड आमच्याकडे नकोसे होते. ते जास्त दिसले की काम अर्धवट आहे असा शेरा यायचा. म्हणून मी एक यादीच करून कपाटाच्या दारावर चिकटवली होती. डावीकडे डॉक्टर काय लिहितात, उजवीकडे आपण काय घालायचं. भास: एफ ट्वेंटीनाइन. माणसं दिसणे: एफ ट्वेंटीनाइन. बाहेरचं: एफ ट्वेंटीनाइन.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पुढचं चूक नव्हे.

त्या फाइलमध्ये एक चिठ्ठी होती. "डोळ्यांचा सल्ला घ्यावा", पुढे प्रश्नचिन्ह. त्याच पोराने पहिल्या दिवशी लिहिलेली. सल्ला घेतला गेला नव्हता, म्हणजे फाइल अपुरी, म्हणजे तपासणीत माझ्या नावावर शेरा. मी ती चिठ्ठी काढली, चुरगाळली आणि टोपलीत टाकली.

महिन्याभराने तिचा मुलगा सोपान खिडकीशी आला. डोक्यावर टॉवेल, हातात कार्ड. "सायेब, डोळ्याचं डाक्टर म्हंत्यात हिला आदी मेंटलकडं न्या. आय येडी न्हाय माजी. तिला दिसायचं कमी झालंय. हे कागदावरलं बदला की."

बदलता येत होतं. प्रश्नाची चिठ्ठी लावून फाइल डॉक्टरांकडे परत पाठवायची, एवढंच. मी म्हटलं, "एकदा लिहिलं की बदलत नाही."

वर्षाने ती दोघं पुन्हा आली. आंधळेपणाच्या दाखल्यासाठी जुने कागद हवे होते. तानूबाई खिडकीत माझ्या डोक्याच्या बाजूला कुठेतरी बघत होती. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं, "आता ती माणसं बी दिसत न्हाईत, सायेब."

मी कागदांवर शिक्के मारून दिले. त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवलोही असेन. तेच आठवत नाही, आणि तेच सगळ्यात घाण वाटतं.

खिडकीच्या ह्या बाजूने

बाकाशेजारी ओकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रेखाला घेऊन रेकॉर्ड विभागात गेलो. आता तिथे बिराजदार आहे. माझ्या हाताखाली शिकलेला. धावत बाहेर आला, पाया पडला, चहा मागवला. मी माझं कार्ड पुढे केलं.

"सर, तुमची फाइल होती व्हय ती? नाव वाचलं, पण वाटलं दुसरं कोण असेल."

"कोड कसा घातलास?"

"यादी बघून की सर. तुमचीच. झेरॉक्स काढून काढून पार पुसट झाली होती, मागच्या वर्षी कॉम्प्युटरवर घेतली." तो अभिमानाने सांगत होता. "नवीन पोरांना पहिल्यांदा तीच देतो मी."

मी चहाचा कप ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. वरची साय ओठाला चिकटली.

मी त्याला माझ्या डोळ्यांचं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "त्यात काय सर! आपल्या घरातलं काम. तुमचं गुपचूप करून देतो. डॉक्टरांना सांगतो टायपिंग मिस्टेक झाली म्हणून."

"अजून एक फाइल आहे. चौदा वर्षांपूर्वीची." मी तानूबाईचं सगळं सांगितलं. चिठ्ठीसुद्धा. रेखा शेजारी होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

बिराजदारने चहाचा कप बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, ती फाइल रद्दीत गेली असणार. आणि असली जरी, त्याला लेखी लागेल. काय झालं, कुणी केलं. कोण देणार लेखी?"

लेखी मीच द्यायचं होतं. माझं दुरुस्त केलेलं कार्ड घेतलं आणि घरी आलो. ह्या अख्ख्या आजारपणात मला स्वतःची सगळ्यात जास्त किळस आली ती त्या रिक्षात. लाळेपेक्षा जास्त. रेखा दुसरीकडे बघत होती, आणि ह्या वेळी लाळ नव्हती.

डोळा

नवं कार्ड बघून डोळ्यांच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी स्वतः तपासलं. त्यांनी तीन प्रश्न विचारले. ते इथे लिहितो, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

"ती माणसं बोलतात?" नाही.

"ती खरी आहेत असं वाटतं?" नाही.

"नजर दुसरीकडे फिरवली, डोळे मिटले, की जातात?" बहुतेक वेळा जातात.

"मग काका, तुम्ही शहाणे आहात. नजर कमी झाली की मेंदू रिकाम्या जागेत स्वतःची चित्रं भरतो. बऱ्याच जणांना होतं, सांगत कुणी नाही. त्या गोळ्या कुणी दिल्या?"

त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्या हळूहळू बंद करवल्या. ऑपरेशन झालं. मी हललो नाही. गेलेलं परत आलं नाही, पण उरलेलं राहिलं. प्रकाशने "सॉरी अण्णा" म्हटलं आणि खाली बघत बसला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने कागदावर विश्वास ठेवला. कागदावर विश्वास ठेवायचा हे त्याला मीच शिकवलं होतं.

डोळा वाचला तसा मी बेचैन झालो. एक डोळा माझ्या ओळखीने वाचला होता. तिला ओळख नव्हती.

सांगोल्याकडे

एका सोमवारी मी रेखाला म्हटलं, "सांगोल्याला जायचंय." ती पिशवी भरायला लागली. एसटीने मंगळवेढा सोडला तेव्हा रेखा खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "जिवंत असतील का?"

जिवंत होती. डाळिंबाच्या बागेच्या कडेला पत्र्याचं घर, पुढे कुंपणात दहा-बारा मेंढरं. तानूबाई ओट्यावर बसली होती, वाळून गेलेली, ताठ. सोपानने मला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितलं. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. बाहेरची माणसं, यादी, चिठ्ठी, टोपली.

सोपान उठला. वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो कुंपणापर्यंत गेला आणि परत आला.

"चौदा वर्सं," तो म्हणाला. "गावानं येडी म्हनलं हिला. माज्या पोरीचं लगीन दोनदा मोडलं. येडीची नात म्हनून. आन तू आज येतोस व्हय? डोळं फुटल्यावर?"

"माझेही..." मी बोललो आणि जीभ चावली. हे सांगायला नको होतं.

पण म्हातारीने ऐकलं. "काय, तुजं बी गेलं?"

"एक गेला. एक थोडा आहे. मला पण माणसं दिसतात, आजी."

"दिसत्यात?" ती पुढे झुकली. "कशी? बोलत न्हाईत ना?"

"नाही. एक बाई जोंधळे निवडते."

"माजी बसून ऱ्हायची नुसती. पाच जण. पांढरी कापडं. एकानं बी कदी पानी मागितलं न्हाय." मग सोपानच्या दिशेने हात केला. "ऐकलंस? ह्याला बी दिसत्यात. हा येडा हाय का? कचेरीतला माणूस हाय. मी काय सांगत हुते तुला?"

सोपान खाली बसला. त्याने टॉवेल तोंडावर धरला.

मी पाया पडायला वाकलो तर तिने पाय आखडून घेतले. "माफी बिफी काय नगं. तू तितं कागदावर लिवलंस, आता हितं कागदावर लिव. ग्रामपंचायतीत वाचून दावायचा हाय मला."

मी मार्कर आणि वही बरोबर घेऊन गेलो होतो. ओट्यावर बसून लिहिलं. तानूबाई वेड्या नव्हत्या. त्यांचे डोळे अधू झाले होते, म्हणून त्यांना माणसं दिसत होती. रेकॉर्ड विभागात चुकीचं निदान लिहायला लावलं गेलं, चुकीचा कोड घातला गेला आणि डोळ्यांच्या सल्ल्याची चिठ्ठी काढून टाकण्यात आली, त्यामुळे उपचार राहिले. रेखाने मोठ्याने वाचून दाखवलं. म्हातारीने कागद हातात घेतला, बोटांनी चाचपला.

"माजं नाव कुटंय ह्यात?"

मी तिचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं.

"आन तुजं?"

मी कागदाकडे पाहिलं. लिहायला लावलं गेलं. घातला गेला. काढून टाकण्यात आली. माझं नाव कुठेच नव्हतं.

"तुजं कुटंय रं?" तिने परत विचारलं.

मी कागद तिच्या हातातून घेतला, फाडला आणि नव्या पानावर पहिला शब्द लिहिला, मी. त्यापुढे माझं पूर्ण नाव.